कंचेभागुबेव आणि बेचाळीस लाख शिक्षक

या संवादातली दोन माणसं गणित शिकवणाऱ्या आणि शिक्षकांना शिकवणाऱ्या अनेकांच्या बोलण्यातून उभी केली आहेत. बाई सातारा जिल्ह्यात आधी द्विशिक्षकी शाळेत आणि नंतर सातवीपर्यंतच्या केंद्रशाळेत उभी नोकरी करून अलीकडेच निवृत्त झालेल्या. सर त्यांचेच जुने विद्यार्थी. आता ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे ज्याला डाएट म्हणतात तिथे, अधिव्याख्याते आहेत आणि शिक्षकांसाठी गणिताचे ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करतात. दोघांचा वाद जुना आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे गणिताबद्दल जी ओरड होते ती मुलांच्या आकड्यांवरून होते. ग्रामीण भारतात आठवीतल्या शंभर मुलांपैकी साधारण ४४ ते ४६ मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं, असं 'असर' या सर्वेक्षणाचे २०१८ पासूनचे अहवाल सांगतात. ते आकडे आले की चार दिवस चर्चा होते. पण शिक्षकाला स्वतःला गणित कुणाबरोबर बसून उलगडता येतं का, हे त्या चर्चेत कुणी विचारत नाही.

सर : बाई, ऑनलाइन प्रशिक्षणाला तुम्ही नावं ठेवता, पण आधी काय होतं ते आठवा. राज्यस्तरावर तज्ज्ञ बोलणार, ते ऐकून जिल्ह्याचे सुलभक, त्यांचं ऐकून तालुक्याचे, मग केंद्राचे. पुण्यात दोन दिवस सांगितलेलं वाडीवरच्या शिक्षकापर्यंत दोन तासांचं होऊन पोचायचं. 'का' सगळा गळालेला, 'काय' तेवढं उरलेलं.

बाई : गळायचं, खरं आहे. मी त्या साखळीच्या टोकालाच होते.

सर : मग? २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' ही शिक्षक प्रशिक्षणाची योजना सुरू झाली तेव्हा देशभरातले ४२ लाख प्राथमिक शिक्षक हे उद्दिष्ट होतं. एवढ्यांना समोरासमोर बसवायचं तर किती वर्षं लागतील? कोरोना आला, २०२० च्या ऑक्टोबरपासून तेच प्रशिक्षण 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर १८ अभ्यासक्रमांच्या रूपात आलं. भामरागडचा शिक्षक आणि पुण्याचा शिक्षक एकच तज्ज्ञ ऐकू लागले. मधली गळती थांबली. नव्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकामागे वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते पडद्याशिवाय कसं द्यायचं, तुम्हीच सांगा.

बाई : ऐकू लागले म्हणतोस. कुणी कुणाचं ऐकलं? तज्ज्ञांचं शिक्षकानं. शिक्षकाचं कुणी ऐकलं ते सांग.

सर : शेवटी चाचणी असते की.

बाई : चाचणीचंच बोलू. प्रश्न येतो, १० − ३ + २ किती? चार पर्याय. मी ९ वर खूण करते, गुण मिळतो, प्रमाणपत्र येतं. पण मला ९ येतं, याबद्दल कुणाला शंका होती का? वर्गात माझ्यासमोर जी वही येते तिच्यात ५ लिहिलेलं असतं. ते ५ कुठून आलं आणि आता या पोरीला मी काय विचारू, हा माझा प्रश्न आहे. चार पर्यायांत तो बसत नाही.

ते ५ कुठून येतं हे मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही शोधता येईल. कंचेभागुबेव : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेला हा मंत्र 'बे' आधी आणि 'व' नंतर म्हणतो. मूल तो अक्षरशः पाळतं. आधी ३ + २ = ५, मग १० − ५ = ५. म्हणजे नियम विसरल्यामुळे ही चूक होत नाही, नियम नीट लक्षात ठेवल्यामुळे होते. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा, ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं करायच्या, हे त्या सहा अक्षरांत कुठेच नाही. मुलानं प्रत्यक्षात सोडवलं ते १० − (३ + २). कागदावर नसलेला कंस त्याच्या मनात आहे. शिक्षकाला हा कंस दिसला तर पुढचा अर्धा तास सत्कारणी लागतो. नाही दिसला तर लाल फुली पडते आणि 'नीट लक्ष दे' एवढं मूल घरी नेतं.

सर : बाई, याच दुखण्यावर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काम झालंय, म्हणून तर मी ते अभ्यासक्रमात घेतलं. प्रा. के. सुब्रमण्यम आणि राखी बॅनर्जी यांनी सहावीच्या मुलांबरोबर हे केलं. 'आधी काय करायचं' हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आणि मुलांना राशी वाचायला शिकवलं. चिन्ह त्याच्या पुढच्या संख्येला चिकटलेलं धरायचं. +१०, −३, +२ अशी तीन पदं, प्रत्येकाभोवती चौकट. पदं हवी तशी मागेपुढे करा, किंमत बदलत नाही. एकदा हे बसलं की बीजगणिताची वाटही सोपी होते. १० − क्ष + २ मध्ये आधी काय करू म्हणून मूल अडत नाही, +१० आणि +२ एकत्र करून १२ − क्ष लिहितं.

बाई : आणि ५क्ष + ३ बरोबर ८क्ष लिहिणारं मूल?

सर : तेही कमी होतं. त्याला अधिक म्हणजे 'कर' असा हुकूम वाटत असतो. उत्तर काढून मोकळं व्हायची सवय असते. पदं पाहायची सवय लागली की ही दोन पदं एका जातीची नाहीत हे दिसू लागतं.

बाई : तुझा तो व्हिडिओ मी पाहिला होता, शेवटच्या वर्षी. चांगला होता. दुसऱ्याच दिवशी वर्गात घेतलं. फळ्यावर लिहिलं ३४ − १८ + २५. खाली ३४ + २५ − १८. त्याखाली ३४ − २५ + १८. म्हटलं, आकडेमोड न करता सांगा, कुणाची उत्तरं सारखी? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला तिन्हींची, आकडे तेच आहेत ना. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, तिसऱ्यात २५ नं १८ चं वजा घेतलंय."

सर : वा! म्हणजे नेमकं कळलं त्याला.

बाई : नेमकं. आणि त्याचं ते वाक्य तुझ्या व्हिडिओत नव्हतं. मी तेच सगळ्यांना धरून ठेवायला लावलं. वजा कुणाचं आहे? १८ चं. मग १८ जाईल तिथं त्याचं वजा जाईल. तास छान झाला. आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी ५ + २ × ३ दिलं. पोरांनी चौकटी केल्या : +५, +२, ×३. तीन चौकटी. मी फळ्यासमोर उभी. ×३ हे पद होतं का? होत नाही असं वाटत होतं, पण का होत नाही हे मला मुलांपुढे मांडता येईना. तेव्हा मला कुणीतरी हवं होतं. तुझा अभ्यासक्रम मी पूर्ण केला होता, प्रमाणपत्र मोबाइलमध्ये होतं. विचारायला जागा नव्हती.

सर : २ × ३ मिळून एक पद. गुणाकारानं बांधलेलं. अधिक-उणे चिन्हांपाशीच राशी तुटते.

बाई : आता सांगतोयस, बरं वाटलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत केंद्रशाळेतल्या दुसऱ्या बाईंबरोबर बसून आम्ही दोघींनी ते काढलं. पाच अधिक दोनाच्या तीन उड्या, असं म्हटलं तर तीन उड्या दोनालाच लागतात, पाचाला नाही. म्हणून दोन आणि तीन सुटे करता येत नाहीत. डबे उघडे राहिले, पण ते सुटलं.

बाईंच्या या मधल्या सुट्टीला मी फार किंमत देते. गणित शिक्षणाच्या जगात १९९९ साली लिपिंग मा यांचं एक पुस्तक आलं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक : पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर काढा, आणि मुलांना समजेल असं त्यावर एक शाब्दिक उदाहरण रचा. अमेरिकी शिक्षकांपैकी २१ जणांनी आकडेमोड केली, ती बरोबर आली ९ जणांची. योग्य उदाहरण रचता आलं ते एकाला. चिनी शिक्षकांपैकी आकडेमोड ७२ जणांची बरोबर होती आणि ६५ जणांनी योग्य उदाहरणं रचली. (आपल्याकडचं उदाहरण असं होईल : पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील? साडेतीन. 'पावणेदोन निम्म्यानं वाटा' असं उदाहरण रचलं की ते दोनानं भागणं होतं, आणि बहुतेक जण तिथेच घसरतात.) यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. त्या चिनी शिक्षकांचं शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होतं. नववीनंतर अध्यापक विद्यालयातली दोन-तीन वर्षं. मग ही जाण आली कुठून? मा यांचं उत्तर असं की ती नोकरीत वाढली. शाळेतच गणिताच्या शिक्षकांचा अभ्यासगट असतो, ते एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा धडा खोलात वाचतात, एकमेकांचे तास पाहतात. आणि त्यासाठी त्यांच्या दिवसात वेळ असतो. तास तीन-चारच घ्यायचे असतात.

सर : हे पुस्तक मीही शिकवतो, बाई. पण ते तुमच्या बाजूचं आहे असं समजू नका. चीनमध्ये शाळेत चार-पाच गणित शिक्षक आहेत म्हणून गट होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्याकडे साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. चार वर्ग, सगळे विषय, दोन माणसं. तुम्हाला मधल्या सुट्टीत दुसऱ्या बाई मिळाल्या त्या केंद्रशाळेत. त्याआधी द्विशिक्षकी शाळेत होतात तेव्हा कुणाला विचारत होतात?

बाई : (थांबून) कुणालाच नाही. दुसरे गुरुजी असायचे, पण त्यांच्याकडे तिसरी-चौथी आणि शाळेचा सगळा कागद. महिन्याला शिक्षण परिषद व्हायची केंद्रावर. तिथं परिपत्रकं वाचली जायची, माहिती कुणाची राहिली ते सांगितलं जायचं. भागाकारावर बोललेलं मला आठवत नाही.

सर : तेच म्हणतो मी. त्या शिक्षकासाठी पडदा ही एकमेव खिडकी आहे.

बाई : खिडकी म्हण हवं तर, पण मग तिच्यातून दोन्ही बाजूंनी बोलता आलं पाहिजे.

इथे सरांची बाजू मला अधिक बळकट वाटते, आणि त्यांनी ती व्याख्यानाच्या व्हिडिओवर उभी केली नसती तर आणखी बळकट झाली असती. पडद्याचं खरं मोल, मला वाटतं, एकट्या पडलेल्या शिक्षकाला दुसरा शिक्षक मिळवून देण्यात आहे. तसे प्रयत्न झाले आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'क्लिक्स' नावाचा उपक्रम छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सरकारी माध्यमिक शाळांत राबवला. २०१७ चा युनेस्कोचा किंग हमद पुरस्कार त्याला मिळाला. मुलांसाठी त्यात प्रश्न विचारत विचारत चौकोन ओळखण्याचा खेळ होता : कर्ण समान आहेत का, समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत का, अशा प्रश्नांतून मूल चित्राकडून गुणधर्माकडे जातं. पण शिक्षकांच्या बाजूनं पाहिलं तर त्यातली महत्त्वाची गोष्ट मोबाइलवरच्या गटांची होती. शिक्षकानं आपल्या वर्गात काय झालं ते टाकायचं, इतर शिक्षकांनी आणि विद्यापीठातल्या माणसांनी त्यावर बोलायचं. प्रशिक्षणाचं साहित्य शिक्षकाच्या वर्गातून येत होतं.

बाई : दोन्ही बाजूंनी का म्हणते ते बघ. तुझ्या अभ्यासक्रमात गुणोत्तराला उदाहरण कशाचं आहे?

सर : सरबताचं. एवढ्या पाण्याला एवढी साखर.

बाई : चुकीचं नाही. पण आमच्या कोरेगाव भागात आल्याचा दर गाडीवर सांगतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो. माझ्या वर्गातली पोरं बापाबरोबर बसून सौदा ऐकतात. गाडीला तीस हजार म्हटलं की सातवीतला पोरगा 'किलोला साठ' असं बोलून मोकळा होतो, आणि वहीत समप्रमाणाचं गणित घातलं की तोच पोरगा कागद कोरा ठेवतो. हे मी तुझ्या व्हिडिओला कसं सांगू?

सर : याच्यावरही मानखुर्दच्या त्या केंद्रात काम आहे, बाई. अरिंदम बोस यांनी प्रा. सुब्रमण्यम यांच्याबरोबर धारावीतल्या मुलांचं गणित अभ्यासलं. घरी-कारखान्यात हाताला काम असलेली मुलं मापं, भाव, तुकडे याबद्दल पुष्कळ जाणतात आणि शाळेच्या गणिताला त्याचा पत्ताच नसतो, हे त्यातून नीट पुढे आलं.

बाई : मग मुंबईच्या प्राध्यापकाला धारावी पाहावी लागली. कोरेगावचं मी पाहिलंय. भामरागडचं तिथल्या गुरुजींनी. ते तुझ्याकडे यायची वाट ठेव ना. वर्गातलं उलट वर गेलं नाही तर तुझी साखळी फक्त लांबीला कमी झाली, दिशा तीच राहिली.

सर : मी गृहपाठ ठेवला होता. आपल्या वर्गातल्या पाच वह्यांचे फोटो टाका, चुकीमागचा विचार लिहा. पहिल्या तुकडीत चार-पाच हजार शिक्षक होते.

बाई : किती वाचलेस?

सर : मी आणि दोन सहकारी होतो. जमेल तेवढे वाचले. पुष्कळ जणांनी एकमेकांचेच फोटो टाकले होते, हेही दिसलं.

बाई : टाकणारच. त्यांना माहीत आहे की वाचायला कुणी नाही. अरे, शिक्षकाच्या मोबाइलवर दिवसाला काय काय येतं ते बघ. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, आधार जुळवणी, कसल्या तरी मोहिमेचे फोटो. त्याच रांगेत तुझी लिंक येते, खाली अंतिम तारीख. शिक्षक तिच्याशी तसाच वागतो जसा बाकीच्यांशी वागतो. भरून टाकतो. त्यात त्याचा आळस नाही. त्याला जे मागितलं जातं ते तो देतो, आणि तू प्रमाणपत्र मागितलंस.

सर : प्रमाणपत्राशिवाय करतील?

बाई : बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, चोवीस वर्षांनी निवड श्रेणीचं. तिथं कागद लागणारच, तो वेगळा विषय. मी सांगते ते गणिताचं. त्या दिवशी ×३ चं पद होतं का, हे मला त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी तुझ्याकडे कसलाही कागद मागितला नसता.

माझ्या मते या वादातला सगळ्यात कठीण भाग इथे आहे आणि त्याला तंत्रज्ञानाचं उत्तर नाही. व्हिडिओ एकदा केला की तो एकाला दाखवला काय आणि ४२ लाखांना दाखवला काय, खर्च जवळजवळ तेवढाच येतो. शिक्षकानं पाठवलेली वही वाचायची तर दर वहीमागे एक जाणतं माणूस आणि त्याची दहा मिनिटं लागतात. हा खर्च शिक्षकांच्या संख्येबरोबर वाढत जातो, म्हणून अंदाजपत्रकात तो टाळला जातो आणि राहतो तो व्हिडिओ. चुकांची वर्गवारी आता यंत्रंही करू शकतील, ५ हे उत्तर न दिसणाऱ्या कंसातून आलं एवढं ती सांगतील. पण '२५ नं १८ चं वजा घेतलंय' हे वाक्य ऐकून त्यावर तास उभा करायचा तर शिक्षकाच्या अंगात जी तयारी लागते, ती कुणाशी तरी बोलूनच येते. गणित शिक्षणाच्या प्राध्यापकांचं काम आपल्याकडे थोडं आहे पण उत्तम आहे. ते शिक्षकापर्यंत पोचवण्याचा खर्च म्हणजे डेटाचा खर्च, अशी समजूत मला घातक वाटते.

सर : समजा मी तुकडी लहान केली. एका सुलभकामागे २५ शिक्षक. सुलभक म्हणजे वर्गावर जाणाराच शिक्षक, आठवड्यातले काही तास त्याला या कामासाठी मोकळे.

बाई : मोकळे कोण करणार?

सर : ते वर मागावं लागेल. शिक्षण परिषदेचा अर्धा वेळ गणिताला, एवढं तर केंद्रप्रमुखांच्या हातात आहे. तिथं पडद्यावर मानखुर्दचं कुणी जोडून घेता येईल, पण बोलायचं आमच्या वह्यांवर.

बाई : मग २५च घे. आकडा वाढवा म्हणून वरून कितीही सांगितलं तरी वाढवू नकोस. आणि वर्षभराचा आराखडा आत्ताच करून ठेवू नकोस, पहिल्या महिन्यात एकच गोष्ट घे.

सर : कंचेभागुबेव?

बाई : नको, तो मंत्र शिक्षकांनाही प्रिय आहे, पहिल्याच दिवशी त्याला हात लावलास तर ते गप्प बसतील. हातच्याची वजाबाकी घे. ४०३ वजा १५७. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या तीन चुका आणायच्या, आणि त्या चुका करणारं मूल काय म्हणालं ते त्याच्या शब्दांत लिहून आणायचं. मी येते वाचायला, निवृत्तीनंतर वेळ आहे.

सर : मानधन फार नसेल, बाई.

बाई : वह्या किती येतील ते सांग.